गल्ल्यात आलेला अर्धा डॉलर

पॉलेट : हसू नकोस ना, मार्गो! नीट बघ तरी हा पाव डॉलर. दोन्हीकडे छापाच आहे, काटा कुठे नाहीच. टांकसाळीत काहीतरी घोटाळा झाला असणार. अशा चुकलेल्या नाण्यांसाठी लोक वेडे होतात म्हणे.

मार्गो : हसत नाहीये गं. बस आधी. कॉफी घे. काल तुझ्या दुकानात जादूगार बरेच आले होते ना?

पॉलेट : बरेच? लाल रेशीम संपलं, रुमाल संपले, काळी मखमल तर ताग्यासकट गेली. अख्ख्या उन्हाळ्यात एवढी विक्री झाली नव्हती. पण त्याचं इथे काय?

मार्गो : तू एप्रिलमध्ये आलीस हार्लोत, म्हणजे हा तुझा पहिलाच ऑगस्ट. जादूगारांचा मेळावा उठला की या गावात ज्याच्या त्याच्या गल्ल्यात असलं काहीतरी सापडतं. जादूगार कामाच्या घाईत खिशात हात घालतात, सुटे म्हणून आपलीच नाणी देऊन बसतात आणि मग वर्षभर हळहळतात. आण इकडे. आणि चेहरा पाडू नकोस.

पॉलेट : अजून पाडला नाहीये.

मार्गो : पडेल. ऐक हां. हा माझ्या गल्ल्यातला साधा पाव डॉलर. टेबलावर टाकते. कसा वाजला?

पॉलेट : खणखणीत.

मार्गो : आता तुझा.

पॉलेट : हा... बद्द वाजला.

मार्गो : बद्द. तडकलेल्या मडक्यासारखा. म्हणजे अंग अखंड नाही. आता नख फिरव. बाहेरच्या कंगोऱ्यांवरून नको, आतून. कड जिथे सपाटीला मिळते ना, तिथून.

पॉलेट : काही लागत नाही.

मार्गो : उलटा कर. दुसऱ्या बाजूला.

पॉलेट : थांब... हो. केसाएवढी रेघ आहे. गोल फिरलीय सगळीकडून. अगं, ही तर शिवण आहे!

मार्गो : आता कसं बोललीस! शिवणच. एका नाण्याचं पोट कोरून वाटी करायची, दुसऱ्याची कड तासून ते तिच्यात घट्ट बसवायचं. दोन मारायची, एक करायचं. टांकसाळीचा यात काही संबंध नाही. कुणीतरी लेथवर बसून केलंय, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या जादूच्या दुकानात डबीत घालून विकतात.

पॉलेट : म्हणजे मी काल रात्री... जाऊ दे.

मार्गो : काय जाऊ दे?

पॉलेट : लेकीला फोन केला होता. म्हटलं, तुझी आई श्रीमंत झाली.

मार्गो : मग? काय म्हणाली?

पॉलेट : म्हणाली, आई, झोप आता.

मार्गो : शहाणी आहे पोरगी. बघ, पडला की नाही चेहरा! अगं, माझंही असंच झालेलं. मी इथे नुकती कामाला लागले होते, तेव्हा एका बाजूने पेनी न् दुसऱ्या बाजूने चांदीचं असं एक नाणं आलं हातात. मी नोकरी सोडायला निघाले होते! ती खिडकीतली बरणी बघ. सगळी असलीच नाणी आहेत. घडी होणारं आहे, तुकडा पडून परत जुळणारं आहे, सिगारेट आरपार जाणारं आहे. पुढच्या वर्षी येतात, बरणी ओतून आपापलं शोधून नेतात. तुझंही टाकून ठेव त्यात.

पॉलेट : मग हेही टाकते. हेही तसलंच असणार.

मार्गो : हे म्हणजे? आणखी आहे?

पॉलेट : यात काही गंमत नाही पण. एकीकडे बाई, एकीकडे गरुड, दोन्ही जिथल्या तिथे. मोठं आहे फक्त. जुनं चांदीचं दिसतं.

मार्गो : अर्धा डॉलर? अगं, अर्धा डॉलर सुटे म्हणून हल्ली कोण देतं? तो जादूगारच... दे बघू.

पॉलेट : घे. काय गं? काय झालं?

मार्गो : कुणी दिलं तुला हे?

पॉलेट : एक म्हातारे गृहस्थ होते. उंच, वाळलेले, या उकाड्यात कोट घातलेला. मी दुकान बंद करत होते. सुयांची एक पुडी घेतली, नोट दिली, आणि वर हे ठेवलं. मी म्हटलं, जास्त झाले. तर म्हणाले, "राहू दे तुमच्या गल्ल्यात." टोपी काढून मान लववली आणि गेले. असं टोपी काढून माझ्याशी कुणी बोललं त्याला जमाना झाला, म्हणून लक्षात राहिले.

मार्गो : एमेट.

पॉलेट : ओळखतेस?

मार्गो : एमेट प्रुइट. मी इथे कपबशा विसळत होते तेव्हापासून दर ऑगस्टला येतात. ही बाई बघ नाण्यावरची, चालत निघालेली. पुढे केलेला हात दिसतो तुला?

पॉलेट : नाही. तिथे गुळगुळीत आहे.

मार्गो : त्यांचा अंगठा असतो तिथे. झिजवून टाकला त्यांनी तिचा हात. आता चिमटीत धर आणि हळूच तिरकं सरकव. जोर नको.

पॉलेट : सरकव म्हणजे... अगंबाई! दोन झाले!

मार्गो : दोन नाही. एक खरं नाणं, आणि एक त्याची नुसती कातडी. वाटी. एकावर एक घातली की एक, काढली की दोन.

पॉलेट : किती सफाईदार! याची शिवण मला नखानेसुद्धा सापडली नसती. पण मग बरणीतच टाकायचं ना? येतील पुढच्या वर्षी शोधत.

मार्गो : हे चुकून नाही दिलेलं, पॉलेट. दोन छाप्यांचा पाव डॉलर माणूस चुकून देतो. हे ते फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. शोधत यायचं नाही, म्हणूनच त्यांनी ते तुला दिलंय.

पॉलेट : मलाच का? मी तर त्यांना ओळखतही नाही.

मार्गो : म्हणूनच. अकराच्या बसने जातात ते, पण त्याआधी इथे नाश्ता केल्याशिवाय नाही जायचे. तू बस इथेच. नाणं जोडून ठेव. आणि काही बोलू नकोस, मी बोलते.

(दारावरची घंटा वाजते. एमेट हातात छोटी पेटी घेऊन आत येतो आणि शेजारच्या टेबलाशी बसतो.)

एमेट : सुप्रभात, मार्गो. दोन अंडी, बटाटे जरा खरपूस, आणि ती तुझी कॉफी. जिला तू कॉफी म्हणतेस ती.

मार्गो : आज पेटी हलकी दिसतेय.

एमेट : या वयात माणसाने सगळंच हलकं करत जावं, पोरी.

मार्गो : म्हणून समोरच्या दुकानात ओझं टाकून आलात?

एमेट : अच्छा. शिवणाच्या दुकानातल्या बाई इथेच बसल्या आहेत होय. नमस्कार, बाई. पाठमोऱ्या होतात, ओळखलं नाही.

पॉलेट : मला खरंच काही माहीत नव्हतं हो. मी आपली मार्गोला नाणी दाखवायला आले—

एमेट : तुमची काहीच चूक नाही. मी नवीन माणूस पाहूनच निवडलं होतं. या गावात कुणा जुन्याला दिलं असतं, तर नाणं माझ्या आधी टोलेडोला, माझ्या घरी पोचलं असतं. पण तुम्ही मार्गोच्या मैत्रीण निघालात. माझा अंदाज हल्ली चुकतो. हाताबरोबर तोही गेला म्हणायचा.

मार्गो : का दिलंत, ते सांगा आधी.

एमेट : नाणं आहे, मार्गो. नाण्याने फिरावं. कुणी त्याचा पाव घ्यावा, कुणी टपालाचं तिकीट घ्यावं. माझ्या खिशात बसून त्याने आयुष्यात एक पाव घेतला नाही. म्हटलं, आता जाऊ दे त्याला.

मार्गो : काय बोलता! पोट कोरलंय त्याचं. ते कसं फिरणार? बँकेतली मुलगी हातात घेऊन परत करेल. थंड पेयाच्या यंत्रात टाकलं तर यंत्र थुंकून टाकेल. त्याच्यातून आता एकच गोष्ट होऊ शकते.

एमेट : ती माझ्याच्याने होत नाही.

मार्गो : एकदा पडलं म्हणून?

एमेट : पडण्याचं मला काही नाही गं. पडलेलं नाणं उचलताना गायब करून मी याच गावच्या रंगमंचावर टाळी घेतलीय. तू होतीस तेव्हा. पण परवा ते पडलं तेव्हा वाटी वेगळी झाली, नाणं वेगळं झालं, आणि दोन्ही घरंगळत पहिल्या रांगेच्या पायांशी गेली. सभागृहात सगळे जादूगार. तिथे पडदा कसला राहतो? आणि मग त्यांनी काय केलं, माहितीय?

मार्गो : होते मी तिथे, एमेट.

एमेट : टाळ्या वाजवल्या. उभं राहून.

पॉलेट : मग ते तर चांगलंच झालं ना?

एमेट : बाई, समजा तुम्ही एखादीचा झगा शिवलात आणि बाही उलटी लावलीत. आणि ती तो घालून तुम्हाला म्हणाली, वा, किती सुरेख शिवलंत हो, या वयात!

पॉलेट : मी कात्री खाली ठेवून निघून गेले असते.

एमेट : बघ, मार्गो. यांना कळलं.

मार्गो : मला कळलं नाही असं कोण म्हणतंय? मी अंडी आणते.

पॉलेट : तुम्हाला राग येणार नसेल तर एक विचारू?

एमेट : विचारा की.

पॉलेट : हात फार थरथरतो का?

एमेट : डावा नाही. उजवा. सकाळी जरा बरा असतो, लोकांसमोर त्याला कंप सुटतो. डॉक्टर म्हणतात, फार काही नाही, वय आहे. कप धरता येतो, सही करता येते. वाटी मात्र आवाज न करता बसवता येत नाही. ती टिक् वाजते. एवढीशी. पण वाजते.

पॉलेट : माझ्या आत्याचं असंच झालेलं. तिने नंतर सुई सोडली आणि फक्त कापायला लागली. कात्रीला थरथर चालते म्हणायची, कापड आपोआप सरळ ओढून घेतं. लग्नाचे झगे शिवायच्या कारखान्यात होतो आम्ही दोघी, डेट्रॉईटला. कारखाना बंद झाला, मग नवराही... जाऊ दे ते. मी शिल्लक रकमेत हे दुकान घेतलं. गाव छोटं, पण बायका अजून पडदे घरी शिवतात इथल्या. आलं बघा ताट तुमचं. मिरपूड देऊ? बटाट्यांवर घेता ना?

एमेट : बाई.

पॉलेट : काय?

एमेट : नाणं कुठाय?

पॉलेट : कुठलं? ते... टेबलावर होतं. अगंबाई. हे काय, हातातच आहे माझ्या.

एमेट : मघापासून तुम्ही दोन्ही हात हलवून बोलताय. केस मागे सारलेत. मिरपुडीची बाटली उचललीत.

पॉलेट : सवय हो. बटणं लावताना पुढचं बटण इथे धरून ठेवते, अंगठ्याच्या मुळाशी. बोटं मोकळी राहतात ना. खाली ठेवलं की ते सापडत नाही मेलं.

एमेट : बोटं ताणू नका. आत्ता होती तशीच ठेवा. मार्गो, ये इकडे. बघ. बघ हा हात!

मार्गो : बघतेय. रिकामा आहे.

एमेट : रिकामा नाही! पण तसा दिसतो की नाही? मला एवढ्यावर यायला दोन हिवाळे गेले. आरशासमोर उभं राहून. बहीण बाहेरून दार ठोठावायची आणि मी मूठ अशी धरलेली, खेकड्यासारखी. सगळ्या नवशिक्यांचं तसंच होतं. काहीतरी लपवलंय हे हातच ओरडून सांगतो.

मार्गो : अंडी गार होतायत.

एमेट : होऊ देत. बाई, ती वाटी काढा. हं. आता नाणं डाव्या हातात, वाटी उजव्या. बसवा वरून. आवाज व्हायला नको.

पॉलेट : टिचबटण लावतात तसं?

एमेट : टिचबटण?

पॉलेट : म्हणजे एका बाजूने आधी टेकवायचं, मग उरलेलं हलकेच दाबायचं. सरळ वरून दाबलं की वाजतं. लहान बाळांच्या कपड्यांना आम्ही असंच लावायचो. हे बघा. झालं का?

एमेट : झालं.

मार्गो : मला काही ऐकू नाही आलं.

एमेट : मलाही नाही आलं. टिचबटण! एका बाजूने टेकवून! मी जन्मभर सरळ वरून बसवत आलो, आणि वाजू नये म्हणून जीव काढत आलो. बाई, तुम्हाला घाई आहे का?

पॉलेट : दुकान दहाला उघडते मी. पण रविवारी सकाळी येतंय कोण?

एमेट : मग उठा. उभ्या राहा इथे. बसून हात आखडतात. मार्गो, ते टेबल सरकव जरा.

मार्गो : सरकवते. फर्निचर मोडलंत तर बसने नाही, पोलिसांच्या गाडीने जाल.

एमेट : नाणं उजव्या हातात दाखवा. आता डाव्या मुठीत ठेवल्यासारखं करा, पण ठेवू नका. ते मघाच्या जागी राहू दे, बटणाच्या जागी. उजवा हात खाली सोडून द्या, सहज. नाही, नाही, नाही! एवढा सांभाळून का धरलास तो? भाजलाय का?

पॉलेट : मला माहितीय ना त्यात नाणं आहे!

एमेट : मघाशीही माहीत होतं.

पॉलेट : मघाशी मी आत्याबद्दल सांगत होते!

एमेट : बरोबर. अगदी बरोबर. तोच तर मुद्दा आहे. पुन्हा कर. खांदा सोड. अगं, खांदा सोड म्हणतोय ना!

मार्गो : एमेट, तुम्ही तिला अगंतुगं करायला लागलात.

एमेट : केलं का मी? माफ करा, बाई.

पॉलेट : माफ कशाला? कारखान्यात बाई म्हटलं की समजायचं, कामावरून काढणार. अगंतुगंच बरं. हे घ्या, पुन्हा करते. उजवीकडून डावीकडे आणि... ई! पडलं!

मार्गो : पडलंच की.

पॉलेट : टाळ्या वाजवल्यास तर याद राख, मार्गो. तुम्हीही, हं! हसताय काय?

एमेट : नाही... नाही, हसत नाही. थांब. पोटात दुखायला लागलं. मार्गो, पाणी दे गं.

मार्गो : घ्या. हळू. परवापासून पहिल्यांदा हसताय तुम्ही.

एमेट : उचल ते. आणि हे बघ पॉलेट, पडलं की खाली वाकून घाईने नाही उचलायचं. पडायचंच होतं अशा थाटात उचलायचं. ते मी तुला वेगळं शिकवीन. निम्मी जादू त्यात आहे.

पॉलेट : पण मी जादू शिकून करू काय? मी आपली दुकानदार. लोकांसमोर उभी राहिले की मला घाम फुटतो.

एमेट : दुकानात सुटे देतेस ना? तेवढंच. पोरंबाळं येतील आयांबरोबर. आई पडद्याचं कापड बघत बसली की पोर कंटाळतं. त्या पोराला एक नाणं दाखवायचं, एकाची दोन करायची, एक त्याच्या कानामागून काढायचं. मला रंगमंच आवडायचा, म्हणून मी तिथे गेलो. नाण्याला रंगमंच लागत नाही. हातभर जागा पुरते.

पॉलेट : आणि हे नाणं तुमचं आहे. मी कसं ठेवू?

एमेट : मी तुला ते काल दिलं आहे. तेव्हा मनात वेगळं होतं. आता वेगळं आहे, एवढंच. पण एक अट आहे. टिचबटणाचं ते मला नीट दाखव. सरावाने हा हात तेवढं करू शकेल, असं वाटतंय. लोकांसमोर नाही म्हणत मी. नुसतं घरी. आर्डिथसमोर.

मार्गो : आर्डिथ म्हणजे यांची बहीण. तिची खोड एकच. कितीही चांगली जादू दाखवा, म्हणते, मला दिसलं.

पॉलेट : दिसतं का खरंच?

एमेट : कधीच नाही. पण म्हणते.

मार्गो : ऐका, तुम्ही दोघं. पावणेअकरा झालेत. बस चौकात उभी आहे. अंडी गार झाली ती झाली, बांधून देऊ का सँडविच करून? एमेट? तुमच्याशी बोलतेय मी.

एमेट : पुढची बस कधी?

मार्गो : मंगळवारी.

एमेट : वर तुझी ती खोली रिकामी आहे का? जिथे ते फुगेवाले जोडपं उतरलं होतं?

मार्गो : सकाळीच गेले ते. चादरी बदलायच्यात. खोलीभर फुग्यांचे तुकडे पडलेत.

एमेट : चालतील मला.

मार्गो : आर्डिथला फोन करायला हवा. ती स्टँडवर येऊन उभी राहील. काय सांगू तिला?

एमेट : सांग, काम निघालं.

मार्गो : काम! बरं. सांगते. तुमच्या पेटीवरून पाय अडखळतोय माझा, ती तरी उचला तिथून.

एमेट : पॉलेट, पुन्हा कर. नाही, तसं नको. तू डाव्या मुठीकडे बघतेस ते लोकांना फसवायला बघतेस. पोरांना ते लगेच कळतं. नाणं खरंच तिथे आहे असं समज आणि मग बघ.

पॉलेट : पण तिथे नाहीये ना ते!

एमेट : तू आधी बघ तर खरी.